अर्जातली तिसरी ओळ

नागनाथचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईच्या रेशनकार्डाची झेरॉक्स काढत होतो. बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुपारची पाळी बदलायच्या वेळेला तिथं कागद घेऊन माणसं उभी असतात. नागनाथ एवढंच म्हणाला, “दिगंबरसर, अण्णा गेले. चिटगुप्प्याच्या बाजारात… पोतं उतरवून ठेवलं, तिथंच टेकून बसले, अन् गेले.” खरं सांगतो, मरणाची बातमी मला पहिल्यांदा कळलीच नाही. कानाला लागला तो ‘अण्णा’ हा शब्द. वर्षभर नागनाथनं त्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची वेळ आलीच तर ‘तुमचा तो दोस्त’ म्हणायचा. आणि आता इतक्या सहज अण्णा… मला राग आला. एवढा जवळ होता हा शब्द, तर माणूस जिता असताना का नाही आला तोंडात? मी फोन ठेवला. बाईला तिचा कागद दिला, शटर ओढलं आणि चिटगुप्प्याची बस धरली. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. राग अजून उतरलेला नाही. फक्त तो नागनाथवरून सरकत सरकत कुठं कुठं जाऊन आला, ते सांगायला हे लिहितो आहे.

अण्णा म्हणजे बिराजी. तो आणि मी एका गावचे. चिटगुप्प्याहून मन्नाएखेळ्ळीकडे जाताना आत वळावं लागतं. आमची शेती, त्यांची मेंढरं. चौथीपर्यंत आम्ही एका चटईवर बसलो. शाळा कन्नड, घरात मराठी आणि बाजारात या दोन्हींत दखनी उर्दू मिसळलेली, त्यामुळे बोलायला दोघांनाही तिन्ही यायच्या. लिहायला मात्र मी शिकलो. तो चौथीनंतर बापाबरोबर मेंढरांमागे गेला. चराईची रानं एकेक करून नांगराखाली गेली, कळप विकावा लागला, लग्न झालं, आणि दोन लेकरं घेऊन तो बिदरला आला. मला पत्ताच नव्हता. एके दिवशी दुकानासमोर एक उंच, खांदे पुढे आलेला माणूस माझ्या पाटीकडे बघत उभा होता. मी ओळखायच्या आत तोच म्हणाला, “दिगू, हे तुझं दुकान व्हय? बरं झालं. आता मला लिहायला शिकायची गरज न्हाई.” तेव्हापासून त्याच्या घरातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला. लेकरांचे दाखले, आधार, गॅसचा नंबर, सगळं. नंतर त्याच्या टोळीतल्या माणसांचेही कागद यायला लागले. तो पुढे उभा राहायचा आणि मागच्या माणसाची अडचण स्वतःचीच असल्यासारखी सांगायचा. मध्ये त्या माणसानं तोंड उघडलं की चिडायचा. “मी सांगायलोय न्हवं?” चिडका होता, हे सांगितलंच पाहिजे. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं म्हणून ते गाळलं तर तो बिराजी राहणार नाही.

तो जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यात हमाल होता, पुढे बावीस जणांच्या टोळीचा मुकादम झाला. कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही. वरून नळीतून खाद्य पोत्यात पडायचं, पोत्याचं तोंड शिवलं जायचं आणि पोतं पट्ट्यावरून सरकत गोदामात यायचं. त्या पट्ट्याचं टोक गुडघ्याच्या उंचीवर होतं. तिथं वाकायचं, पन्नास किलोचं पोतं उचलून पाठीवर घ्यायचं, नेऊन थप्पी मारायची, परत यायचं आणि परत वाकायचं. दिवसभरात किती वेळा, ते मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “मोजलं तर उचलंल का?” थप्पी मारण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एक थर उभा, त्यावरचा आडवा, शिवलेलं तोंड आतल्या अंगाला. त्याची वीस थरांची थप्पीसुद्धा कधी हलली नाही. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तो टोळीला दुपारी तासभर बसवायचा आणि गोदामाचा इन्चार्ज ओरडत आला की त्याच्याशी भांडायचा.

अशाच एका उन्हाळ्यात टोळीतल्या नागनाथची पाठ धरली. पट्ट्यापाशी वाकला तो सरळ झालाच नाही, पोत्यासकट खाली बसला. हलवलं की ओरडायचा. बाहेर लॉरी लागलेली होती. इन्चार्ज म्हणाला, याला बाजूला घ्या, गाडी खोळंबली. चौघांनी नागनाथला पोत्यावर घालून ओढत भिंतीकडे नेलं आणि काम सुरू झालं. बिराजीनं हे मला संध्याकाळी सांगितलं. “पोत्यावर घालून ओढलंव रं त्याला. मीच एक टोक धरलं होतं… लिही. अर्ज लिही साहेबाला.”

मी कन्नडमध्ये टाइप करायला बसलो. तो सांगत गेला. पहिली मागणी, पोतं पन्नासऐवजी पंचवीस किलोचं भरावं. दुसरी, पट्ट्याचं टोक कमरेइतकं वर घ्यावं म्हणजे वाकावं लागणार नाही. त्याच्या दृष्टीनं अर्ज संपला होता. मी म्हणालो, अजून एक घालू. मी तेव्हा मोबाईलवर परदेशातल्या गोदामांचे व्हिडिओ बघायचो, पोती उचलणारी यंत्रं वगैरे. ‘शक्य असल्यास पोती उचलण्यासाठी यंत्राची सोय करावी.’

“तिसरं कामून?” तो म्हणाला. “दोनच पुरे हाईत.”

“तीन मागितलं तर दोन तरी देतील. अर्ज भरीव दिसतो.”

“मशीनचं मला काय कळत न्हाई. त्यांचं ते बघतील. तू फक्त पोत्याचं अन् पट्ट्याचं लिही.”

“असू दे रे,” मी म्हणालो. त्यानं खांदे उडवले. बावीस जणांच्या सह्या आणि अंगठे घेऊन आला आणि अर्ज देऊन शिक्का मारलेली प्रत पोच म्हणून घेतली. ती पोच माझ्याच फायलीत राहिली, कारण त्याच्या घरात कागद ठेवायला सुकी जागा नव्हती.

सात-आठ महिने काहीच झालं नाही. पोतं पन्नासचंच होतं, पट्टा गुडघ्याइतकाच. त्यानं दोनदा विचारलं, साहेब म्हणाले वर पाठवलाय. मग एक दिवस मोठाल्या लाकडी खोक्यांतून यंत्र आलं. एकच लोखंडी हात, जमिनीला बोल्टांनी आवळलेला, पुढे पंजा. पट्ट्यावरून आलेलं पोतं उचलून गर्रकन फिरायचा आणि लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवायचा. पूजा झाली. नारळ मुकादमाच्या हातून फोडला, त्याला फेटा बांधला, फोटो काढले. संध्याकाळी बिराजी फेट्यासकट माझ्या दुकानात आला, पेढे घेऊन. इतकं खुश मी त्याला लेकीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. “दिगू, लई अजब हाय रं. हात हाय, पंजा हाय, पाठच न्हाई त्याला! दुखणार काय?” आणि मग हळूच म्हणाला, “तिसरी ओळ घातलास ते बरं केलास.” मी शहाण्यासारखा हसलो. ते हसू आता आठवलं की…

त्या हाताला सुरुवातीला थप्पी जमत नव्हती. सहाव्या-सातव्या थराला पोती घसरायची. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर वैतागून गेला होता. बिराजीनं दोन दिवस बघितलं आणि मग त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, थांबा, असं नसतंय. स्वतः पोती उचलून दाखवली. उभा थर, आडवा थर, तोंड आत. इंजिनिअरनं मोबाईलमध्ये सगळं उतरवून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि दुसऱ्या दिवशी तो हात अगदी तशीच थप्पी मारायला लागला. बिराजी मला सांगत होता, “माझी थप्पी मारायलंय ते. हुबेहूब.” अभिमानानं सांगत होता. मीही कौतुकानं ऐकत होतो. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आता पोती उचलणाऱ्या माणसांचं काय. आम्ही दोघंही बिनडोक नव्हतो. पण यंत्र आलं की पाठ वाचेल, इतकंच आम्हाला दिसलं. पाठ असलेला माणूसच नको होईल, हे दिसलं नाही.

महिनाभरानं एका सोमवारी कंत्राटदारानं फाटकावरच अठरा जणांना परत पाठवलं. चार ठेवले, पट्टा आणि चौकटी बघायला. त्या चारांत बिराजी होता. उरलेले तिथंच बसून राहिले. बिराजी आतून बाहेर आला, नागनाथ आणि आणखी दोघांना घेऊन सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब ओरडले नाहीत की काही नाही. पाणी मागवलं. टेबलाच्या खणातून एक कागद काढून पुढे केला. आमचा अर्ज. तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारलेली. आणि साहेब दखनीत म्हणाले, “तुमेच तो मांगे थे ना, बिराजी? इतका खर्चा कंपनी तुमारे वास्ते करी.” बिराजीला चौथीतली अक्षरं आता वाचता येत नव्हती, पण रेघ कुठं आहे ते कळलं. नागनाथला कन्नड वाचता येत होतं. त्यानं ती ओळ वाचली, वर बघितलं आणि केबिनच्या बाहेर गेला.

त्या दिवसापासून टोळीनं बिराजीला सोडलं. मुकादमानं मशीन मागवलं आणि स्वतःची जागा राखली, असं गल्लीगल्लीत झालं. चहाच्या टपरीवर तो गेला की बाकडं रिकामं व्हायचं. नागनाथच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा साऱ्या कोळारला बोलावणं होतं, त्याला नव्हतं. मी त्याला म्हणालो, राजीनामा दे, त्यांच्यात जाऊन बस. तो म्हणाला, “आत कुणीतरी पायजे. मी आत असलो तर दोघा-तिघांना परत घेता येतंय.” प्रत्येक आठवड्याला तो साहेबाकडे एखाद्याचं नाव घेऊन जायचा आणि नाही ऐकून यायचा. हे त्यानं टोळीला जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. “मी कामून सांगू? बारा वर्षं सोबत जेवलाव. तेवढं कळना का त्यांना?” हट्टी होता. एखादी गोष्ट दोन शब्दांत मिटत असेल तर ते दोन शब्द तो मरेपर्यंत बोलणार नाही, असा.

आणि मी? तिसरी ओळ माझी होती. हे मी त्याच दिवशी फाटकावर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण सरळ होतं, माझं दुकान त्याच माणसांच्या कागदांवर चालतं. एकदा मात्र बिराजी दुकानात बाकावर बसून बराच वेळ रस्त्याकडे बघत होता आणि म्हणाला, “दिगू, ती तिसरी ओळ…” मी टाइप करता करता थांबलो.  तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ऱ्हाऊ दे.” परत कधी तो विषय त्यानं काढला नाही. मी वाट बघत राहिलो, तो काढेल आणि मग मी बोलेन.

पुढे चाराचे दोन झाले. त्यात बिराजी गेला. चौकटी उचलायला गाडी आली होती, ती चालवायला शिकलेली माणसं हवी होती. त्यानं शिकायची तयारी दाखवली, पण फॉर्मवर दहावी पासची अट होती. तो फॉर्म मीच भरून दिला होता, शिक्षणाचा रकाना मोकळा सोडून. बिदरच्या मजूर नाक्यावर तो दोन-तीन महिने उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तिथं कुणी नेत नाही. मग बायकोला, शिवकांतावहिनींना, इथल्या खोलीवर ठेवून तो गावाकडे गेला आणि चिटगुप्प्याच्या अडत बाजारात पोती वाहायला लागला. तिथं तुरीचं आणि सोयाबीनचं पोतं पन्नास किलोचं नसतं, चांगलं जड असतं.

त्याला शेवटचं मी तिथंच बघितलं. गावी गेलो होतो, बाजारातून जाताना लॉरीच्या फळीवरून एक माणूस पोतं घेऊन खाली उतरत होता, पाय मोजून टाकत. मी त्याच्या पायांवरून ओळखलं. पोतं ठेवून तो माझ्याकडे आला, घामानं भिजलेला, आणि हसला. “इथं अजून हात आला न्हाई बघ.”

“बिराजी, या वयात कशाला हे?”

“मग काय करू? दुसरं काय येतंय मला?” तो एकदम चिडला. “तुला टायपिंग येतंय, तू टायपिंग करायलास. मला उचलायला येतंय.” आणि लगेच मऊ होऊन म्हणाला, “नागनाथची पाठ कशी हाय?” मी म्हणालो, बरी नाही, वाकता येत नाही, घरीच बसून आहे. तो मान हलवत राहिला. मागून कुणीतरी हाक मारली, तो गेला. चहा घ्यायचाही राहिला. दीड महिन्यानं नागनाथचा तो फोन आला.

मरणानंतर टोळीतले बरेच जण माती द्यायला आले होते. रडलेही. मी एका बाजूला उभा राहून त्यांच्यावर धुमसत होतो आणि त्यांच्याकडे बघायची माझीच छाती होत नव्हती.

महिना झाल्यावर शिवकांतावहिनी दुकानात आल्या. बसल्या नाहीत. “भावजी, तो अर्ज तुमच्यापाशी हाय न्हवं? लोक म्हणतेत, यांनीच मशीन आणलं. हे जिते असताना मी विचारलं, तर म्हणायचे तुला काय करायचंय. मला वाचता येत न्हाई. तुमी घरी येऊन वाचा. अन् मला एकटीला नगं, टोळीसमोर वाचा. मी बोलावते त्यांना.”

गेल्या रविवारी दुपारी मी फाईल घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. सात-आठ जण आले होते. नागनाथ भिंतीला एक हात लावून अवघडून बसला होता. मी कन्नड ओळ वाचत होतो आणि तिचं मराठी सांगत होतो. पहिली ओळ, पोतं पंचवीस किलोचं करावं. दुसरी, पट्टा कमरेइतका वर घ्यावा. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. तिसरी ओळ वाचली आणि थांबलो.  म्हणालो, “ही ओळ बिराजीची नाही. तो नको म्हणत होता. ही मी घातली. माझ्या मनानं.”

कुणी शिवी देईल, उठून जाईल, असं वाटलं होतं.   नागनाथच म्हणाला, “सर, हे तुमी वर्षापूर्वी बोलायला पायजे होतं.”

“हो,” मी म्हणालो.

“मी बी अण्णाच्या दारात यायला पायजे होतं. न्हाई आलो.”  मग त्याचा आवाज चढला, खोलीभर झाला. “पर मला एक सांगा. ती ओळ तुमची असू द्या, अण्णाची असू द्या, माझ्या बापाची असू द्या. पहिल्या दोन ओळी त्यांना दिसल्या न्हाईत का? तिसरीखाली रेघ मारली, मग पहिल्या दोन वाचूनच खाली आले असतील ना? पट्टा हातभर वर घ्यायला काय लागत होतं? चार विटा लागत होत्या!”

  हेच विचारायला चार दिवसांनी मी कारखान्याच्या फाटकावर गेलो होतो, मॅनेजरसाहेबांची बदली झाली म्हणाले. नवीन साहेबांना अर्ज वगैरे काही माहीत नव्हतं.

त्या दिवशी खोलीत बोलणं तिथंच तुटलं.  वहिनींनी चहा केला. कप गोळा करून त्या मोरीकडे निघाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून थांबल्या. कप तसेच खाली ठेवले, अगदी आवाज न करता. “सहा वाजले,” त्या म्हणाल्या. “या वक्ताला हे यायचे. आले की एक शब्द बोलायचे न्हाईत. दारापाशी ती शहाबादी हाय बगा, तिच्यावर पाठ टेकून पडायचे अर्धा तास. तेवढा वेळ मी घरात भांडं वाजू देत न्हवते. आता बी वाजवत न्हाई. सवयच लागली.”

दारापाशी एक मोठी काळपट फरशी होती. बसायला जागा कमी पडत होती, तरी तिच्यावर वहिनींनी कुणासाठी चटई टाकली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. त्या नागनाथकडे बघत म्हणाल्या, “भाऊ, मघापासून बघायलेय. तुमाला बसवत न्हाई. टेका पाठ तिथं. गार असतंय.”

“नगं, अक्का.”

“टेका म्हणते न्हवं.”

नागनाथ भिंत धरून उठला. आधी गुडघे टेकले, मग एक कोपर, आणि सावकाश त्या फरशीवर आडवा झाला. डोळे उघडे ठेवून तो वरच्या पत्र्याकडे बघत होता. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. अर्धा तास खोलीत कुणी बोललं नाही, आणि वहिनींनी ते कप विसळायला घेतले नाहीत.